कोर द बॅलेमध्ये (बॅलेतल्या समूहनर्तकींच्या ताफ्यात) नवीन आलेल्या मुलीसाठी

एकल भूमिका मिळाली नाही म्हणून तोंड पाडून बसू नकोस. समूहातलं काम सोपं वाटत असेल तर नृत्यरचनाकार मारिउस पेतिपाच्या 1877 सालच्या 'ला बायादेर' या बॅलेमधला सावल्यांचा प्रवेश बघ. एकामागून एक नर्तकी उतारावरून येतात आणि प्रत्येकीचं तेच चालू असतं: अराबेस्क (एका पायावर उभं राहून दुसरा मागे ताणणं), मग मागे झुकणं, पुन्हा पावलं. सगळ्यात पुढची असते तिला ते सर्वांत जास्त वेळा करावं लागतं. पाय भरून आलेले असतात, तरी थरथर दिसता कामा नये. एकीचा घोटा डळमळला तरी ते शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला कळतं. नायिकेचं एकवेळ खपून जातं, आपलं नाही.

आता कामाचं. मान न वळवता डोळ्यांच्या कडेनं शेजारणीचा खांदा नजरेत धरून ठेव. पुढची रंगमंचावरच्या खुणेपासून सरकली असेल तर तूही सरक. खूण बरोबर आणि रांग वाकडी, हे कुणालाच नको असतं. पाय कितीही उंच जात असला तरी सगळ्यांचा थांबतो तिथेच तुझाही थांबायला हवा. (लवचिक मुलींना हेच सगळ्यात जड जातं!) 'जिझेल' या बॅलेच्या दुसऱ्या अंकात विलींच्या (लग्नाआधीच मेलेल्या मुलींच्या भुतांच्या) रांगा एका पायावर उड्या घेत एकमेकींतून आरपार जातात. तिथे अंतर चुकलं की टक्कर ठरलेली.

शेजारच्या दोन जागांची पावलंही वहीत उतरवून ठेव. कुणी आजारी पडलं की ऐनवेळी तुलाच उभं करतील.