कोर्स न करता फक्त मुखपृष्ठं आणि पिक्चरची पोस्टरं बघून ग्राफिक डिझाइन शिकता येतं का? कुठली बघू?

येतं. मी शिकले. आमच्या घरात मात्र ते अजून कुणाला पटलेलं नाही, म्हणून जरा लांबण लागणारे.

बारावीनंतर मी सांगलीत एका फ्लेक्सवाल्याकडे कामाला होते. वाढदिवस, दहीहंडी, भावपूर्ण श्रद्धांजली. कोरल हे डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडायचं, सगळ्यात जाडा फाँट, पिवळ्या अक्षराला लाल आउटलाइन, लालला परत पांढरी, झालं काम. एकदा एका हौशी मंडळाचं नाटकाचं पोस्टर आलं, नाव दोन ओळींचं, आणि वरच्या ओळीतला दीर्घ ऊकार खालच्या ओळीतल्या दोन मात्रांत घुसत होता. ओळी एकमेकींपासून लांब केल्या तर दोन वेगवेगळी नाटकं वाटायला लागली. मालक म्हणाला फाँट बारीक कर आणि सोड. मंडळातले एक काका दुसऱ्या दिवशी जुन्या पेपरातल्या नाटकांच्या जाहिरातींची कात्रणं घेऊन आले, ती नावं हातानं काढणाऱ्या कमल शेडग्यांची अक्षरं मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितली. एकच काळा रंग, चार बोटं जागा, पेपरचा भुक्कड कागद, आणि नुसत्या अक्षरावरून कळतं की नाटक हसवणार का घाबरवणार.

मी त्यातली पाचसहा कात्रणं बटर पेपर टाकून गिरवली. एकात ऊकार मुद्दाम वळवून खालच्या ओळीतल्या मोकळ्या जागेत सोडला होता, तिथली शिरोरेषा तोडून. वर्षभर नुसतं बघत बसले असते तरी हे दिसलं नसतं, हात तिथं अडखळला म्हणून दिसलं.

आता दादा. मुंबईत अप्लाइड आर्ट केलेला. ते ट्रेसिंग बघून म्हणाला, पोरं वहीत गणपती गिरवतात तसलं आहे हे, याला डिझाइन म्हणत नाहीत. म्हटलं मग त्या पोस्टरच्या या दोन ओळी तू बसवून दाखव. त्यानं लीडिंग, म्हणजे दोन ओळींतलं अंतर, वाढवलं!! मालकानं तरी फाँट बारीक केला होता.

तर कुठली बघू. कुठलीही, पण आठवडाभर एकच, आणि हातात फूटपट्टी पाहिजे. पिंटरेस्टवर तीनशे सेव्ह करून काही होत नाही, मी केलंय. रोमेक मार्बर या डिझायनरनं 1961 मध्ये पेंग्विन प्रकाशनाच्या गुन्हेकथांच्या मुखपृष्ठांसाठी ग्रिड आखली, वरचा साधारण तिसरा हिस्सा अक्षरांना आणि खालचा सगळा चित्राला. ती मोजून काढा आणि मग त्याच पट्ट्यांत एखादं मराठी नाव बसवा, वेलांट्या रेघेला कशा धडकतात बघा. मार्बरला वेलांट्या नव्हत्या, तुम्हाला आहेत. पिक्चरमध्ये दिवाकर करकऱ्यांची पोस्टरं घ्या, 'दीवार'चं वगैरे, डोळे बारीक करून बघा म्हणजे चेहरे जातात आणि उजेड-अंधाराचे नुसते ठोकळे उरतात. ते ठोकळे काळ्या कागदाचे कापून चिकटवा. आणि मराठी कामात हिंदी वळणाचा ल नि श असलेला फाँट वापरू नका, प्लीज, दुकानाच्या पाट्यांवर बघून बघून डोळे दुखतात.

हां, एक सांगायचं राहिलं. छपाईचं यातून काहीच कळत नाही. मला मिळालेलं पहिलं मुखपृष्ठ मी हौसेनं केलं आणि स्पाइनची, म्हणजे पुस्तकाच्या कण्याची, जाडी अंदाजानं धरली, तर पुस्तक हातात आलं तेव्हा स्पाइनवरचं नाव अर्धं पुढच्या बाजूला आलेलं. फोन लावला दादालाच. आधी पोट भरून हसला, मग विचारलं पानं किती आणि कागद किती जीएसएमचा, म्हणजे किती वजनाचा. ते त्याला कॉलेजात शिकवलं होतं, तेवढं मान्य. लीडिंगचं नाही.