ग्रीक मंदिरांवर एवढ्या उंचीवर शिल्पपट्टी कोरायचे, ती खालून दिसायची तरी का?

दिसायची. मान वर करून, खांबांच्या फटीतून, तुकड्या-तुकड्याने. अथेन्सच्या टेकडीवरचं अथीना देवीचं देऊळ म्हणजे पार्थेनॉन, त्याची पट्टी आतल्या भिंतीच्या माथ्यावर, साधारण 12 मीटरवर, बाहेर खांबांची रांग आणि डोक्यावर छत, म्हणजे उजेड खालच्या फरशीवरून उसळून येईल तेवढाच. पण तुम्ही प्रश्नाखाली 'नाहीतर वायफळ खर्चच म्हणायचा' असं लिहिलंय ना, तिथे माझं डोकं फिरलं. हे वाक्य मी आधी ऐकलंय आणि ते मला 11 हजारांना पडलंय.

मी पीओपी आणि फायबरची म्युरलं करतो. 2011 ला नाशिकजवळ एका मंगल कार्यालयाचं काम आलं, हॉलभर वरातीचा पट्टा, घोडे, सनईवाले, नवरदेव, 18 फुटांवर आणि वर भिंतीतून चांगली नऊ इंच पुढे आलेली कॉर्निस. शाडूत नमुना केला त्यात मी डोकी जास्त उठावात काढली होती आणि पाय चपटे. ठेकेदार म्हणाला, सगळीकडे सारखा पाऊण इंच ठेव, मटेरियल वाचेल, वर कोण बघतंय? पैशांची गरज होती, ठेवला. झुंबरं लागली आणि कॉर्निसची सावली बरोब्बर डोक्यांवर. खालून घोड्यांचे पाय झकास आणि नवरदेवाला तोंडच नाही! मालक भडकला, ठेकेदाराने सरळ सांगितलं की कारागिराचं काम पातळ आहे, आणि माझ्या बिलातून कापले.

चार वर्षांनी लेकीकडे लंडनला गेलो तेव्हा ती ब्रिटिश म्युझियमला घेऊन गेली. पार्थेनॉनची जवळपास निम्मी पट्टी तिथे आहे, खाली लावलेली, अगदी जवळून बघता येते. लोक समोरून फोटो काढत होते आणि मी भिंतीला गाल लावून बाजूने बघतोय, लेक म्हणे बाबा चला, लोक बघतायत. पण उठाव बाजूनेच कळतो. मीटरभर उंचीचा दगड, खोली जास्तीत जास्त पाच-सहा सेंटीमीटर, त्यातही वरचा भाग खालच्यापेक्षा जास्त उचललेला. डोकी पुढे, पाय मागे. माझा शाडूचा नमुनाच की हो! तेवढ्याशा जाडीत एकामागे एक घोडेस्वार बसवलेत, घोड्यांच्या तोंडाशी बारीक भोकं आहेत धातूचे लगाम अडकवायला, आणि मुळात वर रंगही होता. कोणी बघणारच नसतं तर एवढा खटाटोप कशाला करतील?

आता माझ्याच विरुद्ध जाणारी गोष्ट पण सांगतो. छपराखालच्या त्रिकोणातल्या मोठ्या मूर्ती पाठीकडूनही कोरल्यात, जी बाजू एकदा वर चढवली की फक्त कबुतरांना दिसणार. म्हणजे दिसणं हा एकच हिशोब नव्हता, काम देवीचं होतं.

आणि खर्चाचं म्हणाल तर त्याच टेकडीवरच्या एरेक्थियॉन या दुसऱ्या देवळाच्या बांधकामाचा हिशोब दगडात कोरलेला सापडलाय, इ.स.पू. 408 च्या आसपासचा. त्यात कारागिरांची नावं आहेत आणि दर आहे एका आकृतीला 60 द्राक्मा (तेव्हाचं ग्रीक नाणं). रनिंग फुटाने नाही, नगाने! बाईला बिलगलेलं पोर असेल तर 80. तेव्हा रोज पडायचा साधारण 1 द्राक्मा, म्हणजे दोन फुटी आकृतीला दोन महिन्यांची मजुरी, आणि आर्किटेक्टलासुद्धा दिवसाला तेवढाच 1 द्राक्मा. ठेकेदारांनी हे जरूर वाचावं.

हां, हे दर एरेक्थियॉनचे, पार्थेनॉनचे नव्हेत. आणि सगळ्या देवळांवर अशी सलग पट्टी नसते, ग्रीक बांधकामाच्या डोरिक पद्धतीत बाहेर शिल्पांचे सुटे चौकोन असतात, सलग पट्टी ही आयोनिक नावाच्या दुसऱ्या पद्धतीची, पार्थेनॉनवर दोन्ही आहेत. पट्टीवर अथीनाच्या उत्सवाची मिरवणूक आहे असं बहुतेक जण मानतात, त्यावरही वाद आहेत.

तुम्ही घरात पट्टा करून घ्यायचा म्हणून विचारत असाल तर आधी एक तुकडा वर चिकटवा, लाईट लावा, खाली उभं राहून बघा आणि मगच बाकीचा ओता. दर कारागिराशी ठरवा, मधल्याशी नको.

गेल्या वर्षी त्याच कार्यालयात भाच्याचं लग्न होतं. जेवताना वर बघितलं. नवरदेवाला अजून तोंड नाही.