गणपतीच्या गर्दीत वडिलांना शोधू नका

लेस्टरहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या मूळच्या कणकवलीच्या. त्यांचे यजमान १९७४ साली लिव्हरपूलमध्ये एका इंग्रज आईच्या पोटी जन्मले आणि त्यांच्या जन्मदाखल्यावर वडिलांच्या नावाची जागा कोरी आहे. त्या लिहितात: "यांच्या आई गेल्या वर्षी वारल्या. जाण्यापूर्वी एवढेच म्हणाल्या, की तो बोटीवर कामाला होता, रत्नागिरीकडचा होता आणि मनाने चांगला होता. यांनी डीएनए चाचणी केली, तेव्हा न्यू जर्सीतील एका पन्नाशीच्या मराठी गृहस्थांशी साडेबारा टक्के जुळले. त्यांचे मूळ घर जयगडजवळच्या एका गावात आहे आणि तिथे पूर्वी बोटीवर असलेले ऐंशी वर्षांचे एक आजोबा राहतात. आम्ही गणपतीची तिकिटे काढली आहेत. तेव्हा सगळे चाकरमानी घरी असतात, म्हणजे एकाच भेटीत सगळी भावकी भेटेल. थेट दारात जाऊन उभे राहायचे, असे यांनी ठरवले आहे. आम्ही करतो ते बरोबर आहे ना?"

नाही, बरोबर नाही. तुमच्या यजमानांची तळमळ मला कळते. परदेशात आपल्या सर्वांनाच "तुम्ही मूळचे कुठले?" असे विचारले जाते आणि आपण गावाचे नाव सांगून मोकळे होतो, त्यांना मात्र पन्नास वर्षे स्वतःच्या चेहऱ्याबद्दलच हा प्रश्न विचारला गेला आणि उत्तर कधी देता आले नाही. तरीही, माझे ऐका आणि आधी ती तिकिटे बदलून घ्या. अशा शोधात पाऊल पत्रानंतर पडले पाहिजे, आधी नव्हे, हे मी या सदरात पूर्वीही सांगितले आहे आणि पुन्हा सांगणार आहे.

तुम्ही निवडलेले घर वडिलांचेच आहे, हे मुळात कशावरून ठरले? सख्ख्या चुलतभावाशी सरासरी साडेबारा टक्के जुळते हे खरे, परंतु तेवढेच आतेभावाशीही जुळते. न्यू जर्सीचे गृहस्थ आतेभाऊ निघाले, तर तुमच्या यजमानांचे वडील हे त्यांचे मामा ठरतील, आणि मग आडनाव वेगळे, गाव वेगळे, घरही वेगळे! ते चुलतभाऊ असले, तरी त्यांच्या वडिलांना भाऊ किती होते आणि त्यांतले बोटीवर किती होते? कोकणात एकाच घरातले दोन-तीन भाऊ बोटीवर असणे ही नवलाची गोष्ट नव्हती. ज्या आजोबांसमोर तुम्ही चाचणीचा कागद धरणार आहात, ते कदाचित सख्खे काका असतील आणि उतारवयात त्यांच्यावर नसता आळ येईल. म्हणून आधी न्यू जर्सीच्या गृहस्थांना लिहा. चाचणी करून नोंद खुली ठेवणारा माणूस निदान प्रश्न ऐकून घेतो. त्यांच्याकडून आई आणि वडील या दोन्ही बाजूंची भावंडे, बोटीवर कोण होते आणि आज हयात कोण आहे, एवढेच जाणून घ्या. पुढे त्या भावांपैकी एकेकाच्या मुलाने किंवा मुलीने चाचणीची तयारी दाखवली, तर वडील एकच असलेल्या सावत्र भावंडाशी सुमारे २५ टक्के जुळते आणि कोणता भाऊ हे बहुधा स्पष्ट होते. सासूबाईंच्या कागदपत्रांत जहाजाचे नाव मिळाले, तर तेही कामाचे आहे; ब्रिटिश नोंदणीच्या जहाजांच्या १९५१ ते १९७६ या काळातील बहुतेक खलाशी-याद्या कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात जपलेल्या आहेत.

आता गणपतीविषयी. माझे थोरले काका बोटीवर होते. एका वर्षी गौरींच्या दिवशी कार्डिफहून एक बाई आमच्या दारात आल्या. नव्या सुनेचा पहिला ओवसा, म्हणजे गौरीला वाण देण्याचा विधी होता, तिच्या माहेरची माणसे ओटीवर बसली होती, अंगणात पोरांचा गोंधळ चालला होता. काकी बाहेर आल्या, त्या बाईंच्या चेहऱ्याकडे त्यांनी एकदाच पाहिले आणि "या नावाचे इथे कोणी राहत नाही" असे सांगून त्या आत वळल्या. काका माजघरात बसून सगळे ऐकत होते. ते उठले नाहीत. त्या बाई पत्ता न ठेवताच निघून गेल्या आणि पुन्हा आल्या नाहीत. काका गेल्यानंतर काकी मला म्हणाल्या, "सण नसता तर बसवली असती गो तिला. तिचा काय दोष?" काकींना राग नव्हता, व्याह्यांच्या देखत विचार करायला त्यांना क्षणाचीही उसंत मिळाली नाही. माझ्या आत्याला तर कार्डिफचे सगळे ठाऊक होते, कारण काकांनी घरात फक्त तिलाच सांगितले होते. आधी एखादे पत्र आले असते, तर तिने ते योग्य वेळ पाहून काकांच्या हाती ठेवले असते. तेव्हा वडिलांची बहीण हयात आहे का, हे तुम्ही सर्वांत आधी शोधा.

पत्र मराठीत आणि तुमच्या हाताने लिहा. व्हॉट्सॲपवर पाठवू नका, कारण वृद्धांचे फोन नातवंडांच्या हातात असतात. त्यात यजमानांचा जन्म, त्यांच्या आईचे नाव, लिव्हरपूल, आणि आईने त्या माणसाला शेवटपर्यंत चांगला म्हटले होते, हे सगळे येऊ द्या. एक वाक्य मात्र अगदी ठळक लिहा: घर, जमीन, कलमे यांतले आम्हाला काहीही नको. तुम्हाला हे अपमानास्पद वाटेल, पण आपल्याकडे एकेका सातबाऱ्यावर डझनभर नावे असतात आणि नवा वारस म्हटले की लोकलाजेच्याही आधी त्याचीच भीती वाटते. अवैध विवाहातील मुलांच्या हक्कांवर सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली निकाल दिला आहे. तुमच्या यजमानांच्या बाबतीत मुळात विवाहच झालेला नसल्याने तो त्यांना लागू होत नाही, परंतु धास्तावलेल्या पुतण्याला हा फरक ठाऊक नसतो. मागायचेच असेल तर तरुणपणीचा एक फोटो मागा, आणि घरात मधुमेह किंवा हृदयविकार आहे का ते विचारा. भेटीची इच्छा कळवा, पण तिचा निर्णय त्यांच्यावर सोपवा.

उत्तर आले, तर तुळशीच्या लग्नानंतर या. भाताची कापणी उरकलेली असते, चाकरमानी परतलेले असतात, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बोलायला सवड असते.

तुमचे बाकीचे प्रश्न थोडक्यात घेते. जन्मदाखल्यातील कोऱ्या जागेचा अर्थ "आईलाही माहीत नव्हते" असा होत नाही. इंग्लंडमध्ये लग्न झालेले नसेल, तर वडिलांच्या संमतीशिवाय आई एकटी त्यांचे नाव नोंदवू शकत नसे. हे यजमानांना जरूर सांगा. नऊ वर्षांच्या लेकीला शाळेत "तू नक्की कोण?" असे विचारतात, तर तिला आजोबांची गोष्ट आहे तितकी आजच सांगा, आणि रत्नागिरीला आलात की थिबा पॅलेस दाखवा. ब्रह्मदेशाच्या पदच्युत थिबा राजाच्या थोरल्या राजकन्येची आणि त्यांच्याकडच्या भारतीय द्वारपालाची मुलगी टुटू याच रत्नागिरीत वाढली, मराठी बोलली आणि इथेच संसाराला लागली. तुमच्या आई जावयाला "बापाचे नाव नसलेला" म्हणतात, हे त्यांनी थांबवले पाहिजे, आणि तसे त्यांना तुम्हीच सांगितले पाहिजे, यजमानांनी नव्हे. ओसीआय कार्डासाठी, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' या नोंदणीसाठी, वडिलांचा शोध लागण्याची गरज नाही. तुमच्याकडे भारतीय नागरिकत्व किंवा स्वतःचे ओसीआय कार्ड असेल आणि नोंदणीकृत विवाहाला दोन वर्षे झाली असतील, तर यजमानांना तुमचे पती म्हणून अर्ज करता येतो.

न्यू जर्सीला लिहायच्या पत्राचा मसुदा आधी मला पाठवा. मी तो वाचून लगेच परत पाठवीन.