काहून बुडतात अजून जहाजं?

प्रश्न: भाऊ, वैनगंगेला पूर आला की आमच्याकडं डोंगा कोणी सोडत नाही, मग हवामानाचा अंदाज मोबाईलवर असताना जहाजं काहून बुडतात? – एक वाचक, भंडारा जिल्हा

उत्तर: अंदाज कळणं वेगळं अन् ऐकणं वेगळं, राजेहो! १७ जुलै १९४७ ले मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट भरपावसात उलटली, ६०० च्या वर माणसं गेली, तेव्हा बोटीवर वायरलेसही नव्हता. पण मे २०२१ मधी तौक्ते चक्रीवादळाचा इशारा आधीच आला होता, तरी पी-३०५ बार्ज (कामगारांना राहायची सपाट बुडाची मोठी नाव) बॉम्बे हाय या मुंबईजवळच्या समुद्रातल्या तेलक्षेत्राजवळच थांबला, त्यावर २६१ जण, नांगर तुटले अन् तो वाहत गेला. जहाजाचं तोंड लाटेकडं ठेवावं लागते, आडवं सापडलं की कलंडते, अन् या बार्जला तर स्वतःचं इंजिनच नव्हतं, तोंड वळवणार कसं?