'धडा करा' मधला धडा कोणता?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका वाचकाने विचारलंय, की गावच्या दुकानात तेलाला बरणी घेऊन गेलं की म्हातारी माणसं दुकानदाराला म्हणतात, "आधी बरणीचा धडा कर बाप्पा, मंग तेल टाक." तर हा धडा म्हणजे शाळेच्या पुस्तकातला धडाच का, आणि आता इलेक्ट्रॉनिक काट्यावर टेअर नावाचं बटन असतं ते म्हणजे धडाच का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो. रिकामी बरणी काट्यावर ठेवून टेअर दाबलं की आकडा शून्यावर येतो, झाला धडा. आधीच्या हातातल्या तागडीत रिकामी बरणी एका पारड्यात आणि दुसऱ्या पारड्यात खडे, दगड, खिळे काय हाताला लागेल ते टाकत काटा सरळ उभा करायचे, त्या खड्या-दगडांना पण धडाच म्हणत आणि तसं करण्याला 'धडा करणे'. यात समजावून सांगण्यासारखं काही नाही.

पण हल्ली धड्याला पासंग म्हणायची फॅशन आलीय त्याने माझं डोकं फिरतं. चांगले शिकलेले, भाषेवर भाषणं देणारे लोक सांगतात की धडा हा पासंगाचाच गावठी अवतार. अहो नाही! पासंग हा तागडीच्या दोषासाठी असतो. एक पारडं जन्मजात जड, म्हणून हलक्या बाजूला दोरीशी जो बारीकसा तुकडा कायमचा बांधून ठेवतात तो पासंग, फारसी शब्द, त्यातला संग म्हणजे दगड. तो इतका क्षुल्लक असतो म्हणून तर 'त्याच्या पासंगालाही पुरणार नाही' असं म्हणतात. धडा मात्र भांड्यासाठी असतो, भांडं बदललं की धडा बदलला. पासंग तागडीचा, धडा बरणीचा. ज्याने आयुष्यात एकदा तरी तागडी हातात धरलीय तो या दोन्हीत गल्लत करणार नाही.

आता मूळ शब्दाकडे, कारण खरी गंमत तिथे आहे. संस्कृतात 'धट' म्हणजे तराजू. ट चा ड होणं आपल्याकडे रोजचंच, घट चा घडा झाला तसा धट चा धडा. हिंदी-पंजाबीतही धडा म्हणजे समतोलाला टाकलेलं वजन आणि धडी म्हणजे शेरांचं एक माप, कुठे पाच शेरांची कुठे अजून किती. आणि हा धट नुसता वाण्याच्या दुकानातला नाही बरं का, तो न्यायाच्या दारातला आहे. जुन्या धर्मशास्त्रात आरोपीची परीक्षा घ्यायची जी दिव्यं सांगितलीत (अग्नी, पाणी, विष वगैरे) त्यात तराजूचं पण एक दिव्य आहे. आरोपीला एका पारड्यात बसवायचं, दुसऱ्यात माती-दगड टाकून बरोबर समतोल करायचा, म्हणजे बघा माणसाचाच धडा करायचा! मग त्याला खाली उतरवून पुन्हा बसवायचं, हलका होऊन वर गेला तर निर्दोष, खाली गेला तर दोषी. याज्ञवल्क्यस्मृतीत आरोपी त्या तुलेलाच आई म्हणून विनवतो, की मी पापी असेन तर मला खाली ने, शुद्ध असेन तर वर ने. धर्मशास्त्रकारांनी तर धट शब्दच फोडून दाखवलाय, ध म्हणजे धर्म आणि ट म्हणजे कुटिल माणूस. व्युत्पत्ती म्हणून ते काही खरं नाही, पण तराजूकडे लोक कोणत्या नजरेने बघत होते ते त्यातून कळतं, आणि कापसाच्या जिनिंगच्या रस्त्यावर ज्या काट्यावर अख्खा ट्रॅक्टर चढवतात त्याला आपण आजही धर्मकाटा म्हणतो ते काही उगीच नाही.

राहिला शाळेतला धडा. माझं मत असं की तोही याच घरचा. धडी हे ठरीव वजन होतं, एका खेपेला मोजून द्यायचा माल. पंतोजी पोराला आज एवढं पाठ करून आण म्हणून जो ठरीव भाग नेमून द्यायचा तोही मोजून दिलेलाच, म्हणून धडा. हे माझं मत आहे, कोणी पुरावा दिला तर ऐकीन, पण 'जो धड पाठ होतो तो धडा' ही जी फोड मला वारंवार ऐकवतात ती मी ऐकून घेणार नाही. धड म्हणजे नीट आणि धडा म्हणजे भाग, नुसता आवाज जुळला म्हणून दोघांचं लग्न लावून द्यायचं का? अशाने उद्या धडधड आणि धडपड पण धड्याच्या नात्यात आणून बसवतील. शिवाय पुढे पाठ झाला नाही तरी दिलेला धडा हा धडाच असतो की!

आणि टेअर! हे सांगायला मी कधीचा थांबलोय. टेअर इंग्रजी वाटतो पण तो अरबी आहे. अरबीत तरह म्हणजे टाकणं, फेकणं, आणि मालाच्या वजनातून जे वजा टाकून द्यायचं, म्हणजे पोतं, पेटी, पिंप, ते तरहा. अरब व्यापाऱ्यांकडून हा शब्द युरोपात गेला आणि तिथून बटनावर बसून आपल्या गल्ल्यावर आला. आता त्याच अरबी तरहचा दुसरा प्रवास बघा, टाकणं, मांडणं, मग मांडणीची पद्धत, असं करत तो फारसीतून आपल्याकडे आला आणि त्याची झाली तऱ्हा! तऱ्हेतऱ्हेचे, तऱ्हेवाईक, ही सगळी त्या बटनाची चुलत भावंडं. पुढच्या वेळी दुकानदार टेअर दाबेल तेव्हा त्याला सांगा, भाऊ हा शब्द तुझ्या आजीच्या तोंडात आधीपासून होता.

बरं, धडा हा शब्द टिकला पाहिजे असं मला मनापासून वाटतं त्याचं कारण नुसतं व्युत्पत्तीचं प्रेम नाही. आपण शेतकरी माल विकतो तेव्हा धडा अगदी न चुकता होतो. बाजार समितीत तूर-सोयाबीन नेलं की बारदान्याचं म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन कापतात (बारदाना फारसी, बार म्हणजे ओझं आणि दान म्हणजे ठेवायचं भांडं), आणि पन्नास किलोचं सरकारी मापाचं तागाचं पोतं 580 ग्रॅमचं असताना कुठे कुठे पोत्यामागे सरळ एक किलो कापला जातो. कापसाची गाडी धर्मकाट्यावर आधी भरलेली मग रिकामी तोलतात, दोन्हीतला फरक म्हणजे कापूस, तिथे भरल्या वेळी ड्रायव्हर खाली उभा आणि रिकाम्या वेळी सीटवर असं झालं तर 60 किलोच्या माणसामागे 60 किलो कापूस गेला, म्हणून दोन्ही वेळा एकतर बसा नाहीतर दोन्ही वेळा उतरा. आणि तोच माणूस संध्याकाळी पोरांसाठी संत्रा बर्फी घ्यायला गेला की बर्फी पुठ्ठ्याच्या खोक्यासकट तोलून देतात! खोका 60 ग्रॅमचा धरा आणि बर्फी 600 रुपये किलो, म्हणजे पुठ्ठ्याचे 36 रुपये मोजले. हा कायद्याने गुन्हा आहे, वजन निव्वळ मालाचंच पाहिजे, आणि तक्रार वजन-मापं तपासणाऱ्या वैधमापन खात्याकडे करता येते किंवा ग्राहक हेल्पलाइन 1915 वर. विकताना धडा आपल्याकडून आणि घेताना पण धडा आपल्याकडूनच, हा कुठला न्याय?

बंद पाकिटाचं म्हणाल तर तिथे धडा कंपनीनेच करून द्यायचा असतो. 2011 च्या पॅकेजिंग नियमांनुसार पाकिटावरचं वजन वेष्टन सोडून लिहावं लागतं. निव्वळ वजन हा शब्द इथे किती चपखल बसतो बघा, पाणी निवळतं त्यातला हा निवळ, गाळ खाली बसल्यावर उरतं ते, आणि इंग्रजी नेट च्या मुळाशीही स्वच्छ हाच अर्थ आहे. पण म्हणून पाकीट डोळे झाकून घ्यायचं नाही. आधी बिस्किटं, चहा, डाळ अशा मालाची पाकिटं ठराविक मापातच काढावी लागत, ती यादी आता रद्द झालीय, त्यामुळे दहा रुपयांचं पाकीट दहाचंच राहतं आणि आतला माल गुपचूप कमी होतो. बदल्यात दर ग्रॅममागे किंवा दर किलोमागे किती पैसे पडतात ते पाकिटावर छापायची सक्ती आलीय, अक्षर बारीक असतं पण एमआरपी सोडून तेच वाचा. एमआरपीला सरकारी भाव म्हणणाऱ्यांना तर हात जोडतो, तो कंपनीनेच ठरवलेला जास्तीत जास्त भाव आहे, दुकानदार त्याच्या खाली खुशाल विकू शकतो.

आणि तेलाचा पिपा. पंधरा लिटरच्या पिप्याला पंधरा किलोचा म्हणणं आधी बंद करा. तेल पाण्यापेक्षा हलकं, पंधरा लिटर सोयाबीन तेल पावणेचौदा किलोच्या आसपास भरतं. दोन दुकानांत भाव विचारताना एक लिटरचा सांगतो आणि दुसरा किलोचा, आणि आपण म्हणतो हा स्वस्त देतो! यात अजून एक खोच होती. तेल गरम झालं की फुगतं, सोयाबीनचं एक लिटर तेल 21 अंशाला 919 ग्रॅम भरतं आणि 60 अंशाला 892.6 ग्रॅम. काही कंपन्या पाकिटावर लिटरसोबत असं चढं तापमान छापून वजन कमी भरायच्या, म्हणून केंद्राच्या ग्राहक खात्याने 2022 मध्ये सांगितलं की तापमान लिहू नका, नुसतं माप आणि वजन लिहा. तेव्हा पिप्यावर लिटर आणि किलो दोन्ही आकडे असतात ते बघून घ्या आणि भाव किलोचाच काढा. सुटं तेल घेत असाल तर बरणी आधी रिकामी तोलून घ्या, आणि दुकानदार नुसतं "टेअर केलं" म्हणाला तर आकडा खरंच शून्यावर आला का ते तेल ओतायच्या आधी बघा, ओतल्यावर बघून उपयोग नाही.