खोडलेलं पुसू नका

“मुलं घरी मोठ्यांकडून उत्तरं लिहून आणतात आणि मी रात्र रात्र जागून ती तपासते. मी शिकवतेय की नुसते गठ्ठे उपसतेय, हेच कळेनासं झालंय.” महामारीच्या काळात समुपदेशन करताना थोड्याफार फरकाने हे मी कितीतरी शिक्षकांच्या तोंडून ऐकलं. आजही कुठल्या कारणाने शाळा बंद पडली आणि अभ्यास घरी पाठवायची वेळ आली, की हीच तक्रार पुन्हा कानावर येते. म्हणून त्यातल्या एका बाईंचा अनुभव त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

एप्रिल २०२० मध्ये जगभरात दीडशे कोटींहून जास्त विद्यार्थी शाळा-कॉलेजबाहेर होते, अशी युनेस्कोची नोंद आहे. ज्यांच्या घरी इंटरनेट नव्हतं, त्यांच्यासाठी अनेक शाळांनी छापील मॉड्यूल काढले. आठवड्याचा धडा, उदाहरणं आणि प्रश्न असा बांधलेला संच पालकांनी न्यायचा, सोडवलेला परत आणून द्यायचा आणि नवा न्यायचा. कागदावर योजना चांगली होती.

या बाई सहावीच्या दोन तुकड्यांना गणित शिकवत. मुलं ९२. फोनवरच्या पहिल्या भेटीत त्या गणिताबद्दल काहीच बोलल्या नाहीत, झोपेबद्दल बोलल्या. पहाटे तीनला जाग येते, न तपासलेला गठ्ठा डोळ्यांसमोर येतो आणि मग पुन्हा डोळा लागत नाही. संध्याकाळी मुलीने काही विचारलं तरी अंगावर ओरडायला होतं.

“मॅडम, मला काही आजार झालाय का?”

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली, तेव्हा त्याला आजार न म्हणता कामातून उद्भवणारी अवस्था म्हटलं. शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं, ही त्याची तीन लक्षणं. बाईंना मी ती एकेक करून विचारली. पहिलं होतंच. दुसऱ्याला त्या ठाम ‘नाही’ म्हणाल्या. तिसऱ्यापाशी गप्प झाल्या आणि मग रडल्या.

मी त्यांना एका आठवड्याचा हिशोब मांडायला सांगितला. ९२ संच, प्रत्येकी १२ पानं, म्हणजे अकराशेच्या वर पानं. एका संचाला फक्त सहा मिनिटं धरली तरी नऊ तासांहून जास्त. झेरॉक्स, बांधणी, वाटप, नोंदी आणि रात्री अकरापर्यंत येणारे पालकांचे फोन वेगळेच. आकडे लिहून झाल्यावर त्या म्हणाल्या, “म्हणजे मी आळशी नाही.” इतके महिने त्यांनी स्वतःला तेच ठरवून टाकलं होतं. मला फार वाईट वाटलं.

पण नुसत्या ओझ्याने माणूस असा खचत नाही, हे मी अनुभवाने सांगते. परीक्षेच्या दिवसांत शिक्षक याहून जास्त पेपर तपासतात. इथे दुसरंच काहीतरी कुरतडत होतं. ते सापडलं तिसऱ्या भेटीत, व्हिडिओ कॉलवर.

पालकांच्या लबाडीचा पुरावा म्हणून बाईंनी एक पान कॅमेऱ्यासमोर धरलं. अपूर्णांकांची बेरीज होती. सगळी उत्तरं बरोबर, अक्षर वळणदार, उघडच मोठ्या माणसाचं. “हा मुलगा सात सुद्धा सरळ काढत नाही हो. आणि हे बघा!” मी त्यांना पान जरा तिरकं धरायला सांगितलं, कारण एका ओळीखाली काहीतरी काळपट दिसत होतं. त्यांनी ते दिव्याजवळ नेलं. १/२ + १/३ च्या पुढे ५/६ असं छान लिहिलं होतं आणि त्याखाली रबराने खोडूनही पेन्सिलीचा दाब उमटून राहिला होता: २/५. वाकडा पाच, त्या मुलाच्या हातचा.

बाई बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिल्या. “वरच्यात वरचं मिळवलंय आणि खालच्यात खालचं,” त्या हळूच म्हणाल्या. “वर्गात असता तर मी त्याच्या वहीत डोकावून एका मिनिटात पकडलं असतं.” त्या दिवशी पहिल्यांदाच मला त्यांच्या आवाजात शिक्षिका ऐकू आली.

दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर १९७० च्या दशकापासून सांगत आले, की शिकणारा आणि शिकवणारा यांच्यातलं खरं अंतर मैलांत मोजायचं नसतं. संवाद किती, अभ्यासाची चौकट किती घट्ट आणि शिकणाऱ्याला स्वतःचं स्वतः किती चालवावं लागतं, यावर ते ठरतं. मॉड्यूलमध्ये चौकट पक्की असते आणि संवाद जवळजवळ नसतो. मोठ्यांनाही जड जाणारं स्वयंअध्ययन आपण अकरा वर्षांच्या मुलाकडून मागत असतो. त्यात कागदावरून विषाणू येईल या भीतीने परत आलेले गठ्ठे काही दिवस कोपऱ्यात पडून राहत. तपासलेला संच मुलाच्या हाती पडेपर्यंत दोन आठवडे उलटत आणि आपण काय चुकलो होतो, हे ते विसरलेलं असे. बाई जीव तोडून शेरे लिहीत होत्या, पण ते कुणापर्यंत पोचतच नव्हते. दारावर थाप मारत राहावी आणि आतून ओ येऊ नये, असं महिनोन्‌महिने चाललं, तर ‘माझ्या हातून काही होत नाही’ असं वाटणारच.

पालकांवरचा राग मी लगेच शांत करायला गेले नाही. फक्त विचारलं, रिकामी जागा शाळेत परत पाठवताना त्या आईला किंवा वडिलांना काय वाटत असेल? बाई म्हणाल्या, “लाज.” मग आम्ही दोघींनी मिळून पुढच्या संचाच्या पहिल्या पानासाठी चार ओळी तयार केल्या:

‘चुकलं तर चालेल. खोडलेलं पुसू नका, त्यावर एक रेघ मारा. अडलात तिथे गोल करा. गोल केल्याचे गुण कापले जाणार नाहीत.’

तपासणीही बदलली. प्रत्येक संचातले दोनच प्रश्न बाई बारकाईने बघणार, बाकीचे उत्तरसूचीवरून मुलांनी स्वतः ताडून पाहायचे. त्या दोन प्रश्नांना गुण न देता एका वाक्याचा शेरा द्यायचा. यामागे आधार आहे. शिक्षण-मानसशास्त्राच्या अभ्यासक रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात पाचवी-सहावीतल्या ज्या मुलांना नुसता शेरा मिळाला, त्यांचं काम सुधारलं. शेऱ्याच्या जोडीला गुण दिले, तेव्हा तो फायदा उरला नाही. पालकांच्या फोनसाठी संध्याकाळी पाच ते सहा ही वेळ ठरली.

मुख्याध्यापकांशी बोलायला त्या घाबरत होत्या. नऊ तासांचा हिशोब हातात घेऊन कसं बोलायचं, याचा आम्ही फोनवर दोनदा सराव केला. सगळं मान्य झालं नाही. नोंदवही भरावीच लागली आणि दर महिन्याला एक संच पूर्ण तपासायचं ठरलं. तरी पहाटेची जाग हळूहळू कमी झाली.

एक दुखणं मात्र मला हलकं करता आलं नाही. सात मुलांचे संच येणंच बंद झालं होतं. फोन लागत नव्हते. कुटुंब-समुपदेशनाच्या अभ्यासक पॉलीन बॉस यांनी अशा दुःखाला ‘अँबिग्युअस लॉस’ असं नाव दिलं आहे: माणूस गेलेला नसतो, पण आपल्याजवळही नसतो, त्यामुळे रडायचं की वाट बघायची हे ठरत नाही. ‘तुमची जबाबदारी नाही’ असं मी बाईंना म्हटलं नाही. ते खोटं ठरलं असतं आणि त्यांना पटलंही नसतं. आम्ही एवढंच ठरवलं, की ती सात नावं वहीत वेगळी लिहायची, शुक्रवारी अर्धा तास त्यांच्यासाठी राखायचा, शेजारपाजारी आणि वर्गमित्रांकडे चौकशी करायची आणि उरलेला आठवडा त्यांच्यावरून स्वतःला बोल लावायचा नाही. दोघांचा पत्ता लागला. पाच नावं वहीत राहिली.

शेवटच्या भेटीत बाईंनी पुन्हा एक पान कॅमेऱ्यासमोर धरलं. त्याच मुलाचं. खाडाखोड इतकी, की पान मळलेलं दिसत होतं. दोन ठिकाणी गोल होते. दुसऱ्या गोलाशेजारी त्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ‘बाई, इथे आम्हालाही येत नाही.’

“मग तुम्ही काय केलंत?” मी विचारलं.

“पाच वाजता फोन लावला. आई आणि मुलगा दोघंही स्पीकरवर होते. छेद सारखे का करायचे, ते दोघांना एकदमच समजावलं.”