राउटरच्या वॅनवर १००.७२ दिसतंय, हा पत्ता नक्की कोणाचा?

तुमचे प्रश्न दोन. वॅनवर, म्हणजे राउटरच्या इंटरनेटकडच्या बाजूला, १००.७२ ने सुरू होणारा पत्ता आणि आपला पत्ता दाखवणाऱ्या बाहेरच्या साइटवर दुसराच, असं का? आणि सेवादात्याला खासगी पत्ताच द्यायचा होता, तर नेहमीचा १०.०.०.० का नाही दिला?

पहिल्याचं उत्तर सोपं: तुम्ही सीजीनॅटच्या, म्हणजे सेवादात्याकडच्या पत्ते बदलणाऱ्या यंत्रणेच्या, मागे आहात. जगभरच्या पत्त्यांचं वाटप सांभाळणाऱ्या आयानाकडचे आयपीव्ही४ चे (जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचे) मोकळे ब्लॉक फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपले, त्यामुळे एका पब्लिक पत्त्यावर अनेक ग्राहक बसवावे लागतात. पत्ता एकदा तुमचा राउटर बदलतो, पुन्हा एकदा सेवादात्याकडे बदलतो.

खरी गंमत दुसऱ्यात आहे. १०, १७२.१६ आणि १९२.१६८ या रेंज १९९६ च्या आरएफसी १९१८ ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम सांगणारे दस्तऐवज) कोणालाही न विचारता वापरायला मोकळ्या ठेवल्या. ग्राहकाने त्यातली कुठली घेतली हे सेवादात्याला कळायला मार्ग नाही. समजा वॅनवर १०.०.०.५ आला आणि तुमचं आतलं नेटवर्कही १०.०.०.० चंच निघालं, तर पॅकेट कुठल्या बाजूला पाठवायचं? बरेच राउटर इथे हात टेकतात. एका ग्राहकाचं निस्तरता येईल, पण हजारोंमध्ये कोणाशी ना कोणाशी टक्कर ठरलेलीच.

प्रत्येक सेवादात्याने आतल्या कामासाठी वेगळा पब्लिक ब्लॉक मागायचा, तर टंचाईत ती उधळपट्टी. २४० च्या पुढची राखीव रेंज होती, पण जुनी उपकरणं ते पत्ते घेतच नाहीत. म्हणून एप्रिल २०१२ च्या आरएफसी ६५९८ ने सगळ्यांत मिळून एकच ब्लॉक दिला: १००.६४.०.०/१०, म्हणजे १००.१२७.२५५.२५५ पर्यंतचे ४१,९४,३०४ पत्ते. तुमचा शेजारी दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन घेऊन हाच पत्ता वापरत असेल, तरी काही बिघडत नाही. अट एवढीच की हे पत्ते सेवादात्याच्या हद्दीबाहेर जाऊ द्यायचे नाहीत.

(१०० ने सुरू होणारं सगळंच यात येत नाही. दुसरा आकडा ६४ ते १२७ मध्ये हवा. १००.२० हा साधा पब्लिक पत्ता आहे. फायरवॉलमध्ये अख्खं १०० बंद करून ठेवलेलं मी पाहिलंय.)

तेव्हा याला विरोधही झाला. लोक याला चौथी खासगी रेंज समजून वापरतील आणि आयपीव्ही६ ही नवी पत्तापद्धत लांबणीवर पडेल, असं म्हणणं होतं. पहिली भीती खोटी नव्हती. टेलस्केल ही व्हीपीएन सेवा आपल्या उपकरणांना याच रेंजमधले पत्ते देतं. मी स्वतः एका ऑफिसात आतलं नेटवर्क १००.६४ वर बांधलं होतं, कारण तिथे कोणाशी टक्कर होणार नाही असं वाटलं. पुढे सेवादाता सीजीनॅटवर गेला, वॅनवर तीच रेंज आली आणि एक अख्खा शनिवार पत्ते बदलण्यात गेला. तेव्हा तुमच्या लॅनसाठी (आतल्या नेटवर्कसाठी) १९१८ वाल्या रेंजच ठेवा.

कोड लिहीत असाल तर आणखी एक. पायथनच्या आयपीअ‍ॅड्रेस मॉड्यूलला विचारलंत, तर हा पत्ता खासगीही नाही आणि ग्लोबलही नाही असं उत्तर येतं. ते बरोबर आहे, बग समजू नका.

राहिलं पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून आलेलं कनेक्शन आतल्या उपकरणाकडे वळवणं. तुमच्या राउटरवर कितीही नियम टाका, बाहेरून येणारं कनेक्शन सेवादात्याच्या नॅटवरच अडतं. स्वतंत्र पब्लिक पत्ता मागा. त्याआधी आयपीव्ही६ चालू आहे का पाहा. असेल तर फायरवॉलमध्ये वाट मोकळी केली की बहुधा काम होतं. फक्त समोरच्याकडेही आयपीव्ही६ हवं.